दुसऱ्या वाक्याखालचा नांगर

डोणगावात त्या काळी रविवार उजाडला की घरोघरचे बाप अंघोळ करून, डोक्याला पटका गुंडाळून ओसरीवर बसायचे. कशाला? तर इंग्रजी ऐकायला. आता सांगितलं तर कोणी खरं मानत नाही. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती, गावात अजून वीज यायची होती, मेहकरची एसटी दिवसातून दोनदा यायची आणि पावसाळ्यात तीही स्वतःच्या मर्जीने. पण गावातल्या निम्म्या बापांना 'हार्वेस्ट' म्हणजे काय ते बरोबर ठाऊक होतं. हा सगळा नारायणराव मास्तरांचा प्रताप.

मास्तर मूळचे मलकापूरचे. अंगाने काटकुळे, आवाज मात्र असा की नाल्यापलीकडचं ढोर मान वर करून पाहील. शाळेत त्यांनी एक रीत घालून दिली होती. आठवड्याला सहा इंग्रजी शब्द आणि प्रत्येक शब्दाची दोन वाक्यं, एक वस्तूचं नाहीतर जनावराचं, दुसरं माणसाचं. वाक्य आपल्या घरातलं, आपल्या शेतातलं पाहिजे. गाइडातलं सापडलं की वही खिडकीतून थेट बाहेर, मग पोरगं पाटलाचं असो की कोणाचं. शनिवारी वही घरी न्यायची, रविवारी घरच्या कर्त्या माणसापुढे बसून वाचायची, आपल्या बोलीत सांगायची आणि त्याची निशाणी घ्यायची. ऐकल्याशिवाय निशाणी नाही, आणि निशाणीशिवाय सोमवारी वर्गात पाऊल नाही. लेकरू शिकतं आणि घरच्यांना परकं होतं, असं मास्तर म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या आईच्या बाबतीत ते घडलं होतं आणि ती चुटपुट त्यांना आयुष्यभर पुरली.

त्यामुळे गावात इंग्रजी शब्द गुरांसारखे मोकळे फिरायचे. मॅट्रिकच्या वर्गातल्या सहदेवची आई जनकाबाई बाजारात वांगेवाल्याला आधी बजावून ठेवायची की मी बार्गेन करून राह्यली, भांडण नाही, मग वाईट वाटून घेऊ नको. लोक हसायचे, पण हसता हसता शब्द उचलायचेही. काय दिवस होते ते, आणि किती साध्या गोष्टीत गाव खूश असायचं.

अन्नपूर्णा ही पुंजाजीची एकुलती एक लेक. मॅट्रिकच्या वर्गात मुली दोनच, त्यातली ही एक. आई तीन वर्षांपूर्वी तापाने गेली. तेव्हापासून घरात बाप, लेक आणि कपिली नावाची एक खोडकर गाय, एवढंच गोत. लोकांनी पुंजाजीला दुसरं लग्न करायला सांगून पाहिलं. त्याने सगळ्यांचा चहा पिऊन घेतला आणि विषय तिथेच ठेवला. बोलायला तसा कमीच. पण रविवारी लेकीच्या वहीपुढे बसला की त्याच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की शेजारच्या बायका कामाचं निमित्त करून ओसरीवरून एक चक्कर मारून जायच्या.

पुंजाजीला लिहिता येत नव्हतं, पण वहीवर तो अंगठा देत नसे. पेन्सिल मुठीत धरून प्रत्येक वाक्याखाली एक बोटभर नांगर काढायचा. त्याच्या आज्याची निशाणी नांगराची होती, तीच याची. सोसायटीत, तलाठ्याकडे निमूट अंगठा द्यायचा, वहीवर मात्र नाही. अन्नपूर्णाने एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "अंगठा काय, दुसरा मानूस हात धरून उमटवून घेते. नांगर म्या सोता काढतो." आणि पुंजाजीने नांगर काढला म्हणजे ते खरं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बांधाच्या तंट्यातसुद्धा लोक म्हणायचे, कोर्टाचं राहू द्या, पुंजाजीचा नांगर आणा.

त्या वर्षी मार्गशीर्षात 'हॅम्पर' हा शब्द आला. मास्तरांनी शब्द फळ्यावर लिहिला आणि अर्थ सांगायच्या ऐवजी विचारलं, कोणाच्या गाईला लोढणं आहे? पोरं हसली आणि सगळ्यांनी अन्नपूर्णाकडे पाहिलं. कपिली गावात बदनाम होती. दावं सुटलं की ती नाकासमोर चालत शेजारच्या रामरावाच्या तुरीत जाऊन उभी राहायची, म्हणून पुंजाजीने तिच्या गळ्यात बाभळीचा हातभर ओंडका बांधला होता. मास्तरांनी तो सोडून आणवला आणि वर्गात सगळ्यात जोरात पळणाऱ्या सहदेवच्या गळ्यात बांधला. म्हणाले, पळ, लिंबापर्यंत जाऊन ये. सहदेव पळाला. ओंडका कधी या गुडघ्यावर आदळे, कधी त्या. परत आला तेव्हा धापा टाकत होता, आणि हसून हसून वर्गाच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

मग मास्तरांनी शांतपणे विचारलं, तुला कोणी थांबवलं का? नाही. पोचलास का? पोचलो. मग झालं काय? सहदेव गुडघे चोळत म्हणाला की पोचलो, पण मरमर झाली. "हे हॅम्पर," मास्तर म्हणाले. "खुंट्याला बांधलं तर ते स्टॉप. कुंपण घातलं तर प्रिव्हेंट. लोढण्याची गाय मोकळी असते, चरते, फिरते. पाहणाऱ्याला वाटतं हिला कोणाचीच आडकाठी नाही. पण तिला पळता येत नाही."

वर्ग हसत होता, अन्नपूर्णा हसता हसता गप्प झाली. पाहणाऱ्याला वाटतं हिला कोणाचीच आडकाठी नाही. हे वाक्य तिच्या डोक्यातून हलेना.

कारण गावात सगळे तिला हेच सांगायचे. तुझा बाप म्हणजे देवमाणूस, पोरीला मॅट्रिकपर्यंत शिकवतो. आणि खोटं तरी कुठे होतं? पुंजाजीने तिला कधी नाही म्हटलं नव्हतं. पुस्तकं त्यानेच मेहकरहून पायी जाऊन आणली होती. पण सहामाहीच्या इंग्रजीच्या पेपराला नेमकी त्याच्या पोटात कळ उठली आणि ओवा-मिठाचं पाणी देता देता तिचा पहिला तास बुडाला. मास्तरांनी रविवारी जादा वर्ग ठेवला की त्याच वेळी कापूस वेचायला बायांना हाक मारायला तिलाच जावं लागे. दिवा लावून ती अभ्यासाला बसली की बाप समोर येऊन बसायचा आणि तिच्या आईच्या गोष्टी काढायचा. त्या गोष्टी इतक्या गोड असायच्या की पुस्तक मिटून ठेवावंच लागे. आणि आता फॉर्म होता.

मॅट्रिकचा फॉर्म येऊन बारा दिवस झाले होते. त्यावर पालकाची सही हवी होती. परीक्षा मेहकरला, म्हणजे आठ-दहा दिवस मास्तरांच्या बहिणीकडे राहणं आलं. पास झाली तर पुढे बुलढाण्याला मास्तरणीचं ट्रेनिंग. हे सगळं मास्तरांनी पुंजाजीला समजावून सांगितलं होतं आणि त्याने हाव, हाव म्हणून मान डोलावली होती. पण अन्नपूर्णा फॉर्म पुढे करायची आणि तो म्हणायचा, "पाहू ना. फॉर्म काय पळून चालला?" कधी हात मातीचे असायचे, कधी अमावास्या असायची. एकदा तर फॉर्म त्याच्या पटक्यात दोन दिवस राहिला आणि मग सापडला. बुधवारी दुपारी हेडमास्तर गठ्ठा बांधून नागपूरला पाठवणार होते. गठ्ठ्यात फॉर्म नसला तर वर्ष गेलं, आणि त्या काळी मुलीचं वर्ष गेलं म्हणजे शिक्षणच गेलं. पुढच्या वर्षी तिच्या डोक्यावर पुस्तकाऐवजी अक्षता पडल्या असत्या, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

शनिवारी दुपारी ती वाक्यं लिहायला बसली. पहिलं सोपं होतं. द लॉग हॅम्पर्स द काऊ. दुसरं माणसाचं. तिने पेन्सिल उचलली आणि लिहायचं मनात नव्हतं ते हाताने लिहून टाकलं. माय फादर डज नॉट स्टॉप मी. ही हॅम्पर्स मी.

लिहिलं आणि तिचं तिलाच रडू आलं. राग बापाचा आला होता की स्वतःचा, ते तिला कळेना. खोडायला गेली तर मास्तरांचा दुसरा कायदा आठवला, खोडलेलं वाक्य चालत नाही. अन् खरं सांगायचं तर तिला ते खोडायचंही नव्हतं. बारा दिवसांत पहिल्यांदा ती कोणापाशी तरी खरं बोलली होती, मग ते कागदापाशी का असेना.

रविवारी पुंजाजी पटका गुंडाळून बसला. तिने पाच शब्द वाचले आणि पाच शब्दांचे दहा नांगर झाले. मग हॅम्पर आला. पहिलं वाक्य वाचून तिने सांगितलं की लोढणं कपिलीचे पाय अडखळवते. तो मनापासून हसला, गोठ्याकडे पाहून म्हणाला की ऐक वं, तुह्यं नाव इंग्रजीत गेलं. नांगर काढला. मग म्हणाला, दुसरं वाच.

तिने वाचलं. 'फादर' ऐकून त्याने मान वर केली. तो शब्द त्याला येत होता. "फादर म्हंजे मीच ना? काय लिवलं माह्यावर?"

अन्नपूर्णाने वहीतून वर पाहिलं. बाप समोर बसलेला, स्वच्छ पटका, मुठीत पेन्सिल, तोंडभर कौतुक. कोणत्या तोंडाने सांगणार? ती म्हणाली, "बाबा मले थांबवत नाहीत. बाबा मले हात देतात."

पुंजाजीने वहीत डोकावून पाहिलं. म्हणाला, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. मग त्याने चाकूने पेन्सिलीला टोक काढलं आणि कधी काढला नव्हता असा नांगर काढला. फाळ, हाळीस, रुमणं, सगळं. वही तिच्या हातात दिली आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. तिला वाटलं, बाप हरखला. त्या रात्री तिला अन्न गोड लागलं नाही.

सोमवारी मास्तरांनी वह्या गोळा केल्या. अन्नपूर्णाची वही तपासताना ते बराच वेळ थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वही परत दिली, पण तिला काही बोलले नाहीत. बोलले मंगळवारी, आणि तेही तिच्याशी नाही. बाजाराचा दिवस होता. दुपारच्या सुट्टीनंतर सहदेव धावत शाळेत आला आणि सगळ्यांदेखत सांगू लागला की मास्तरांनी भर बाजारात पुंजाजीकाकांचा हात धरला, आणि म्हणाले, भाऊ, मी बावीस वर्षं शिकवतो आहे, पण लेकीने तोंडावर चूक दाखवावी आणि बापाने ती ऐकून खाली निशाणी करावी, असा बाप मी पाहिला नाही. बाजारातले लोक माना डोलावत होते. आणि बाबा? अन्नपूर्णाने विचारलं. सहदेव म्हणाला, मिरच्यांची पिशवी उचलली अन् गेले घरी.

 शाळा सुटायची वाट न पाहता ती पळत घराकडे निघाली. वाटेत एकच विचार, की आपण बापाला फसवलं आणि ते त्याला चारचौघांत, परक्याच्या तोंडून कळलं. फॉर्म गेला खड्ड्यात. बाप आता आपल्याकडे मान वर करून पाहील की नाही?

दिवस कलला होता. पुंजाजी गोठ्यात कपिलीजवळ उकिडवा बसून कडबा सारखा करत होता. ती दाराशीच थांबली आणि एका दमात म्हणाली, "बाबा, म्या खोटं सांगतलं."

"मालूम हाये मले."

"मास्तरानं सांगतलं म्हणून..."

"मास्तरानं आज सांगतलं. मले परवाच मालूम झालं." त्याने कडब्याची पेंढी बाजूला ठेवली. "लोढण्याच्या वाक्यात जो शब्द होता, थोच माह्या वाक्यात होता. म्या अडाणी हावो पोरी, बहिरा नाही. म्हणून तं दुसऱ्यांदा वाचाले लावलं."

 अन्नपूर्णा तिथेच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. तिने विचारलं, "मंग नांगर काऊन काढला?"

"खरं होतं म्हणून काढला," पुंजाजी म्हणाला.

ती रडायला लागली. तो उठला नाही, जवळही आला नाही. त्याला तसलं काही जमत नव्हतं. कपिलीच्या मानेवर हात फिरवत तो सांगत राहिला, तिच्याकडे न पाहता. लेकीने खोटं सांगितलं याचं त्याला काही नव्हतं. तिला बापापाशी खरं सांगायचं भेव वाटलं, ते लागलं होतं. दोन दिवस तो वाट पाहत होता, की आज सांगेल, उद्या सांगेल. पोटातली कळ खरी होती का, हे त्याने स्वतःलाच विचारून पाहिलं होतं, आणि उत्तर त्याला आवडलं नव्हतं. स्वतःबद्दल एवढं सलग तो त्याआधी कधी बोलला नव्हता आणि नंतरही कधी बोलला नाही.

मग म्हणाला, वही आण.

तिने आणली. तो म्हणाला, "आता एक वाक्य मी सांगतो. थे लिह्य. बापाले रिकाम्या घराचं भेव वाटते."

तिने आधी मराठीत लिहिलं. तो म्हणाला, असं नाही, इंग्रजीत, तसंच वाच, तसंच सांग. तिने डोळे पुसले, शब्द जुळवले आणि लिहिलं. फादर इज अफ्रेड ऑफ एम्टी हाऊस. वाचलं. आपल्या बोलीत सांगितलं. पुंजाजीने एकेक शब्द तिच्या मागून ओठांत म्हणून पाहिला. तिने पेन्सिल त्याच्यापुढे धरली, तर त्याने ती परत तिच्याच हातात दिली.

"वाक्य माह्यं हाये. निशाणी ऐकनाऱ्याची लागते. तुह्या मास्तरचाच कायदा हाये ना हा? तू ऐकलं ना?"

"हाव."

"मंग कर."

अन्नपूर्णाने वाक्याखाली आपलं नाव लिहिलं. अक्षर लोढणं बांधलेल्या कपिलीच्या चालीसारखं वाकडंतिकडं उतरलं. पुंजाजीने ते मान तिरपी करून पाहिलं, हातभर अंतरावर धरून पुन्हा पाहिलं. मग पटक्यातून फॉर्म काढला. चार घड्या पडलेला, मिरचीचा डाग लागलेला. दिवेलागण व्हायच्या आत त्यावर नांगर पडला.

बुधवारी तो स्वतः तिच्याबरोबर शाळेत गेला. हेडमास्तरांनी फॉर्म पाहिला आणि म्हणाले की बोर्डाला नांगर चालणार नाही, अंगठा पाहिजे.  पुंजाजीने नुसता डावा हात पुढे केला. म्हणाला, लावा, माह्यं काम झालं हाये, हा बोर्डासाठी. हेडमास्तरांना त्याचा अर्थ कळला नाही, मास्तरांना कळला. ते खिडकीबाहेर पाहू लागले.

फाल्गुनात तो तिची लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत आला. पेटी टपावर चढवली, कंडक्टरला तिला मेहकरला नीट उतरवून द्यायला सांगितलं आणि गाडी हलली तेव्हा हात वगैरे काही केला नाही. घरी जाऊन त्याने कपिलीचं लोढणं सोडलं असेल, असं कोणाला वाटेल. मुळीच नाही. तिची गोष्ट वेगळी, तिला रामरावाच्या तुरीचं व्यसन होतं.

अन्नपूर्णा पास झाली, बुलढाण्याला ट्रेनिंगला गेली, मास्तरीण झाली, पुढे हेडमास्तरीणही झाली. पुंजाजी रिकाम्या घरात चौदा वर्षं राहिला. भीती वाटत होती का? वाटत असणारच. शनिवारी तिचं कार्ड यायचं, त्यात एक शब्द आणि एक वाक्य. मास्तर ते त्याला वाचून दाखवायचे आणि उत्तराच्या कार्डावर नुसता एक नांगर यायचा. कार्ड उलटं-सुलटं करून ती पाहायची, अजून काही लिहिलंय का म्हणून. नसायचं. पण त्या आठवड्याची झोप नीट लागायची.

ती वही आजही अन्नपूर्णाबाईंच्या कपाटात आहे. पानं पिवळी पडली, पेन्सिलीचे नांगर पुसट झाले, तो एक मोठा मात्र अजून ठळक दिसतो. त्याच्या खाली तिसरं वाक्य आहे. त्यात 'ऑफ'च्या पुढे एक शब्द राहून गेलाय, हे तिला पुढे ट्रेनिंगमध्ये कळलं. मास्तरांना ते पुढच्या सोमवारी वही तपासतानाच दिसलं असणार, त्यांच्या नजरेतून काना-मात्रा सुटत नसे. पण तेवढ्या एका वाक्याला त्यांनी लाल शाई लावली नाही. आयुष्यात बाईंनी दाखल्यांवर, प्रगतीपुस्तकांवर, पगारपत्रकांवर हजारो सह्या केल्या. ऐकून केलेली, खरं आहे म्हणून केलेली पहिली सही मात्र तीच, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून बापाच्या वाक्याखाली केलेली.